निकाल ठरलेलाच असतो, मग अंडरटेकर मोठा कसा?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन रेसलिंगमधला नायक जॉन सीना आपल्या आयुष्यातला शेवटचा सामना खेळला आणि हरला. वॉशिंग्टनमध्ये गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन पैलवानापुढे त्याने हात आपटून शरणागती पत्करली. माझा अकरा वर्षांचा भाचा त्या दिवशी धड जेवलाही नाही. त्याची समजूत काढायला भाऊजी म्हणाले, "अरे, ते सगळं आधीच ठरलेलं असतं." झालं! आता दुःखाच्या जागी संताप आला. तो माझ्याकडे वळला.

"मामा, मग तुझा तो अंडरटेकर? त्याचंही ठरलेलंच?"

त्याचंही ठरलेलंच. पण एवढं सांगून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न लगेच येतो: जिंकणं-हरणं दुसराच कोणी ठरवत असेल, तर एखादा मोठा आणि एखादा फालतू कसा ठरतो? प्रश्न भाच्याचा असला, तरी नव्वदच्या दशकात शाळेच्या मागच्या बाकावर रेसलिंगची कार्डं खेळलेल्या आपल्या अख्ख्या पिढीने तो कधी ना कधी गिळलेला आहे. म्हणून जरा सविस्तर.

आधी माणूस कोण ते

अंडरटेकरचं खरं नाव मार्क कॅलवे. जन्म २४ मार्च १९६५, गाव टेक्सासमधलं ह्यूस्टन. उंची जाहिरातीप्रमाणे सहा फूट दहा इंच. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. १९८७ मध्ये तोंडावर मुखवटा चढवून 'टेक्सास रेड' या नावाने पहिल्यांदा रिंगणात उतरला आणि हरला. पुढे 'मीन मार्क' या नावाने दुसऱ्या एका कंपनीत उमेदवारी केली. तिथेही फार काही घडलं नाही. उंच, ताकदवान, लाल केसांचा एक तरुण. असे त्या धंद्यात पुष्कळ होते.

मग २२ नोव्हेंबर १९९० रोजी हार्टफर्ड शहरात, तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या रेसलिंग कंपनीच्या कार्यक्रमात, टेड डिबियासी या श्रीमंत खलनायकाने आपल्या संघातला गुप्त भिडू बोलावला. काळा कोट, काळी हॅट, करडे हातमोजे. अंडरटेकर म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था लावून देणारा माणूस, तिकडे हा रीतसर व्यवसाय आहे. काही महिन्यांत त्याच्या जोडीला अस्थिकलश घेतलेला, किनऱ्या आवाजाचा पॉल बेअरर आला. गंमत अशी की बेअररची भूमिका करणारा विल्यम मूडी प्रत्यक्षातही अंत्यविधीच्याच व्यवसायात काम केलेला, त्याचं शिक्षण आणि परवाना असलेला माणूस होता.

ही कंपनी म्हणजेच आजची डब्ल्यूडब्ल्यूई. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही अक्षरं पांडा चिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेचीही होती. प्रकरण कोर्टात गेलं, संस्था जिंकली आणि २००२ मध्ये कुस्तीवाल्यांनी नाव बदललं.

म्हणजे ही नुराकुस्तीच ना?

आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहे. मैदानात दोन पैलवान आतून संगनमत करून लढताहेत असा वास आला की कोल्हापूर-सांगलीकडचं पब्लिक गप्प बसत नाही. हल्ली हा शब्द कुस्तीपेक्षा राजकारणाच्या बातम्यांत जास्त दिसतो, ती गोष्ट वेगळी.

पण नुराकुस्ती म्हणजे फसवणूक. बघणाऱ्याला वाटतं लढत खरी आहे, म्हणून तो चिडतो. अमेरिकन रेसलिंगचा जन्मही तिथल्या जत्रांमध्ये अशाच बनवाबनवीतून झाला. खरी कुस्ती तिकीट काढून बघायला फार कंटाळवाणी होऊ शकते, हे आयोजकांना लवकरच कळलं. १९१६ मध्ये ओमाहा शहरात जो स्टेचर आणि एड लुईस यांची कुस्ती जवळपास पाच तास चालली आणि बरोबरीत सुटली. असा खेळ पाहायला पुन्हा कोण येणार? पुढे १९२० च्या दशकात याच लुईसने दोन साथीदारांना घेऊन वेगवान, नाट्यमय आणि निकाल ठरवलेली कुस्ती गावोगाव नेली.

हे गुपित बाहेर फुटू द्यायचं नाही, या बिरादरीच्या नियमाला म्हणतात केफेब. शब्द जत्रेतल्या बोलीतला आहे. अर्थ एवढाच की, सोंग उतरवायचं नाही. रिंगणातले शत्रू हॉटेलात एका टेबलावर जेवताना दिसता कामा नयेत.

हे गुपित फोडलं कोणी? खुद्द कंपनीनेच! १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने सांगितलं की आमचा हा खेळ नाही, करमणूक आहे. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा मंडळाची देखरेख आली, परवाने आले, कर आला. करमणूक म्हटलं की ते सगळं टळतं. म्हणजे अंडरटेकर पहिल्यांदा कोट घालून आला त्याच्या आदल्याच वर्षी हे कागदोपत्री मान्य झालं होतं. आम्हा पोरांपर्यंत ते पोचायला दहा-बारा वर्षं लागली. तोवर आमच्या गल्लीत 'अंडरटेकरला सात जीव आहेत, त्यातले चार संपलेत' हे सर्वमान्य शास्त्र होतं.

(त्यातही आमची दुहेरी फसवणूक झाली होती. अक्षयकुमारच्या १९९६ मधल्या 'खिलाडियों का खिलाडी'त जो अंडरटेकर होता, तो मार्क कॅलवे नव्हताच. तो ब्रायन ली. आणि १९९४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने 'खरा अंडरटेकर विरुद्ध नकली अंडरटेकर' अशी लढत लावली, तेव्हा त्यातला नकलीही हाच ब्रायन ली.)

ठरलेलं असतं, पण किती?

ज्यांनी कोकणात रात्र जागून दशावतार पाहिलाय, त्यांना हे चटकन कळेल. कथा सगळ्यांना ठाऊक. राक्षस मरणार, हेही ठाऊक. पण संवाद कागदावर लिहिलेले नसतात. नट समोरच्याचा अंदाज घेऊन, प्रेक्षकांचा रंग बघून जागेवर बोलतो. मुरलेला नट समोर असला की नवखाही तरून जातो.

रेसलिंगमध्ये साधारण तेच. जिंकणार कोण, शेवट कसा, वेळ किती, हे लेखक आणि मालक ठरवतात. मधलं पुष्कळसं दोघे मिळून बांधतात आणि जुन्या पद्धतीचे पैलवान तर रिंगणातच बांधतात. एकाने दुसऱ्याची मान काखेत धरली आहे आणि दोघे घामाघूम होऊन थांबलेत असं दिसतं ना, तेव्हा बहुतेक वेळा कानात पुढचा डाव सांगितला जात असतो. पंचाच्या कानात छोटं यंत्र असतं. 'पाच मिनिटं उरलीत, आवरा' हा निरोप त्याच्यामार्फत पोचतो. हजारो लोक बघत असताना श्वास लागलेल्या अवस्थेत हे करायचं.

आणि प्रेक्षक रिंगणात उतरत नसले तरी कथा तेही लिहितात. कंपनीने नायक म्हणून पुढे केलेल्या माणसाला लोकांनी हुर्यो केली तर कथा बदलावी लागते. अंडरटेकर आला तो खलनायक म्हणून. १९९१ मध्ये त्याने हल्क होगनसारख्या लाडक्या नायकाला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला. पण लोकांना हा मढ्यासारखा चालणारा माणूस इतका आवडायला लागला की १९९२ मध्ये त्याला नायक करावंच लागलं.

मग लागत नाही का?

रिंगणाचं तळ पाहा. पोलादी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. त्या फळ्यांवर पाठ टेकवून पडायचं. या पडण्याला धंद्यात बंप म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, आघात शक्य तितक्या मोठ्या भागावर पसरेल असं सपाट पडायचं. हे शिकता येतं, पण शिकल्याने फळी मऊ होत नाही. वर्षाला शेकडो बंप, आणि अंडरटेकरने हे काम तीस वर्षं केलं.

आता त्याचा सुप्रसिद्ध टुम्बस्टोन डाव घ्या. समोरच्याला उलटा उचलायचा. डोकं खाली, पाय वर, पोटाला पोट. आणि मग धाडकन गुडघ्यांवर बसायचं. बघणाऱ्याला वाटतं, मान गेली. प्रत्यक्षात उलट्या टांगलेल्या माणसाचं डोकं उचलणाऱ्याच्या मांड्यांमध्ये, गुडघ्यांच्या थोडं वर धरलेलं असतं. जमिनीला आधी गुडघे लागतात. डोकं अधांतरी राहतं. सगळा खेळ त्या काही इंचांचा. उलटा लटकलेला माणूस स्वतःला वाचवू शकत नाही. दहीहंडीत वरच्या थरातल्या पोराचा भरवसा जसा खालच्यांच्या खांद्यांवर, तसंच.

ते इंच चुकले तर काय होतं? ऑगस्ट १९९७ मध्ये ओवेन हार्टने याच डावाचा एक प्रकार स्टीव्ह ऑस्टिनवर केला. गुडघ्यांऐवजी तो बुडावर बसला. ऑस्टिनचं डोकं खाली आलेलं होतं, ते थेट आपटलं. काही क्षण ऑस्टिनला हातपाय हलवता येईनात. सामना कसाबसा ठरल्याप्रमाणे संपवला, पण त्या मानेने त्याचा पुढे कायम पिच्छा पुरवला आणि २००३ मध्ये अडतिसाव्या वर्षी त्याची नियमित कारकीर्द थांबली.

आणि जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकर आणि मिक फॉली, भोवती आणि वर जाळीचा पिंजरा. अंडरटेकरने फॉलीला पिंजऱ्याच्या छतावरून, सुमारे सोळा फुटांवरून, खाली स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर फेकलं. हे ठरलेलं होतं. फॉली स्ट्रेचरवरून उठून पुन्हा वर चढला. मग अंडरटेकरने त्याला छतावरच आपटलं आणि जाळीचा तुकडा निखळून फॉली आरपार खाली रिंगणात पडला. हे ठरलेलं नव्हतं. मागोमाग वरची खुर्ची त्याच्या तोंडावर आली. त्याचा एक दात नाकपुडीत अडकलेला नंतर कॅमेऱ्यात दिसला. त्या रात्री अंडरटेकरच्या स्वतःच्या पायाचं हाड मोडलेलं होतं. त्या पायाने तो पिंजऱ्यावर चढला होता.

रक्ताबद्दलही लोक विचारतात. टोमॅटो सॉस नसतो. पूर्वी मनगटाच्या किंवा बोटाच्या पट्टीत ब्लेडचा बारीक तुकडा लपवलेला असायचा, आणि पैलवान स्वतःच कपाळावर चीर पाडायचा. घाम मिसळला की चेहरा लालभडक. २००८ नंतर डब्ल्यूडब्ल्यूईने हा प्रकार जवळपास बंद केला.

काही न करण्याची करामत

मार खाल्ल्याचं दिसलं पाहिजे, तरच मारणारा जबर वाटतो. या अभिनयाला धंद्यात सेल करणं म्हणतात. कळवळायचं, लंगडायचं, डोळे फिरवायचे. सगळे पैलवान हे शिकतात.

अंडरटेकरने सुरुवातीच्या वर्षांत नेमकं उलट केलं. समोरच्याने जीव तोडून मारावं आणि याने नुसतं बघावं. आडवा पडला तर कमरेतून, काठीसारखा ताठ उठून बसायचा. दिवे गेले, घंटेचा एक टोल पडला, की तो दारातून रिंगणापर्यंत इतक्या सावकाश चालत यायचा की काही सामने त्या चालण्यापेक्षा लवकर संपायचे. माझ्या मते त्याचं खरं कौशल्य इथे आहे. ज्या धंद्यात प्रत्येक जण ओरडून लक्ष वेधतो, तिथे त्याने गप्प राहून ते वेधलं. आणि दुखणं कधीच न दाखवणाऱ्या माणसाने पुढे कधी पडून दाखवलं, की ते पाहणाऱ्याला खरं वाटायचं. २००६ मध्ये आपला ग्रेट खली, म्हणजे दलीपसिंग राणा, तिकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला सर्वात आधी अंडरटेकरलाच लोळवायला दिलं, आणि मे महिन्यात चक्क हरवायलाही. खलीला कुस्तीचे डाव किती येत होते यावर बोलायला नको. पण एका रात्रीत तो राक्षस ठरला, कारण पडणारा अंडरटेकर होता.

सोंगही त्याने जपलं. निळू फुले यांना पडद्यावर पाहून बायका बोटं मोडायच्या म्हणतात, पण भेटणाऱ्यांना त्यांचा साधेपणा दिसायचा तरी. कॅलवेने अनेक वर्षं बाहेरही तो साधेपणा दिसू दिला नाही. सोंगाबाहेर येऊन मुलाखत देणं जवळपास नाहीच. मधली काही वर्षं, २००० ते २००३, तो मोटरसायकलवाला गुंड म्हणून वावरला. मला ते कधी फारसं पटलं नाही. २००४ मध्ये तो पुन्हा काळा कोट घालून आला आणि मला तरी बरं वाटलं.

२१-० लिहिलेलंच होतं, मग त्याचं कौतुक कसलं?

रेसलमेनिया हा त्यांचा वर्षातला सर्वात मोठा जलसा. मार्च १९९१ मध्ये, नेमकं आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, अंडरटेकरने तिथे जिमी स्नुकाला हरवलं. तेव्हा कोणी मोजत नव्हतं. दुकानाच्या पाटीवर 'स्थापना अमुक साली' असं कधी लिहितात? दुकान पन्नास वर्षं टिकल्यावर. तसंच झालं. दहा-बारा वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की हा इथे हरलेलाच नाही. मग त्याची जाहिरात सुरू झाली आणि बघता बघता तो आकडा विजेतेपदाच्या पट्ट्यापेक्षा मोठा झाला.

म्हणजे २१-०, एकवीस सामने आणि एकही हार नाही, हा विक्रम नव्हे, साठवण होती. लोकांनी दोन दशकं त्यात आपला विश्वास टाकला होता. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरने ती साठवण फोडली. निर्णय मालक विन्स मॅकमॅन यांचा, अंडरटेकरने तो मान्य केला. खांदे टेकलेले असताना पंचाने तीनपर्यंत मोजलं की हार. तो आकडा मोजून झाला, पडद्यावर २१-१ उमटलं आणि स्टेडियम मुकं झालं. निकाल ठरलेला असतो हे तिथल्या जवळपास प्रत्येकाला माहीत होतं. तरीही माणसं डोक्याला हात लावून बसली. चार महिन्यांनी त्याच लेस्नरने जॉन सीनाला असं एकतर्फी लोळवलं की त्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. साठवण योग्य खात्यात वळती झाली होती.

त्या रात्री न ठरलेलंही एक घडलं. सामन्यात अंडरटेकरच्या डोक्याला मार बसून मेंदूला धक्का पोचला, आणि त्याला रुग्णालयात हलवावं लागलं. त्या दिवसातलं दुपारनंतरचं काही आपल्याला आठवत नाही, असं त्याने पुढे सांगितलं आहे. ज्या पराभवावर जगभर चर्चा झाली, तो ज्याचा होता त्याच्या आठवणीतच नाही.

सोंग आणि खरं यांची सरमिसळ

हे लिहिताना एक रात्र टाळता येत नाही. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. वर ज्याचा उल्लेख आला तो ओवेन हार्ट एका गमतीच्या प्रवेशासाठी छतावरून दोरीने खाली उतरणार होता. बकल निसटलं. सत्तरहून अधिक फुटांवरून तो रिंगणात कोसळला आणि गेला. चौतीस वर्षांचा होता.

समालोचक जिम रॉस घरच्या प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा सांगत होता की हा कार्यक्रमाचा भाग नाही. सांगावं लागत होतं, कारण एरवी जे दिसतं ते कार्यक्रमाचा भागच असतं. सभागृहातल्या हजारोंना तर ओवेन गेल्याचं सांगितलंही नाही. कार्यक्रम चालू राहिला. शेवटचा सामना अंडरटेकर विरुद्ध ऑस्टिन. ज्याच्या हातून ऑस्टिनची मान दुखावली होती, तो सहकारी जिथे पडला त्याच फळ्यांवर हे दोघे ठरल्याप्रमाणे लढले, आणि ठरल्याप्रमाणे अंडरटेकर विजेता झाला. कंपनीने त्या रात्री जे केलं ते मला आजही पटत नाही. त्या दोघांना काय वाटलं असेल याचा विचार नको वाटतो.

या माणसांना कंपनी नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते, हेही इथेच सांगायला हवं. रिंगणातल्या दुखापतीचा खर्च डब्ल्यूडब्ल्यूई करते, पण आरोग्य विमा ज्याचा त्याने बघायचा आणि कामगार संघटना नाही. 'खोटं असतं सगळं' असं म्हणून आपण हसतो, तेव्हा हा हिशेब आपल्या नजरेआड असतो.

थांबायचं कधी?

२०१७ मध्ये रोमन रेन्सकडून हरल्यावर अंडरटेकरने हातमोजे, कोट आणि हॅट रिंगणाच्या मधोमध ठेवली. सगळ्यांनी डोळे पुसले. मग खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी गडी परत हजर. जॉन सीनाला त्याने तीन मिनिटांच्या आत हरवलं. तिथेच थांबता आलं असतं. पण २०१९ मध्ये जेद्दाहमध्ये गोल्डबर्गशी सामना झाला, तेव्हा दोघांचीही पन्नाशी उलटलेली. गोल्डबर्ग डोक्याला मार लागून झिंगलेला, आणि अंडरटेकरला उलटा उचलून आपटताना त्याचं डोकं जवळजवळ जमिनीला लागलं. ते बघवत नाही. वर सांगितलेले काही इंच इथे स्पष्ट दिसतात.

शेवटची लढत २०२० ची. करोनामुळे प्रेक्षक नाहीत, रात्रीचं स्मशान उभं केलेलं, सिनेमासारखं चित्रण. एजे स्टाइल्सला गाडून तो मोटरसायकलवर निघून गेला. आणि २२ नोव्हेंबर २०२० रोजी, हार्टफर्डच्या त्या पहिल्या रात्रीला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, निरोपाचे दहा टोल वाजले. समोर माणसं नव्हती, पडद्यांवरचे चेहरे होते.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. काही गोष्टी अकरा वर्षांच्या मुलासाठी नाहीत, आणि उशीवर, धाकट्या बहिणीवर, कशावरच डाव करून बघायचे नाहीत ही अट आधीच घातली. मग एक जुना सामना लावला आणि टुम्बस्टोनच्या जागी वेग कमी करून दिला. त्याने व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा पुढे. नाक मोबाइलला टेकेपर्यंत जवळ गेला.

"मामा, डोकं लागतच नाहीये!"

मग आणखी एकदा मागे नेऊन, जरा वेळाने:

"पण गुडघे लागतायत."